पाच सुपांचा कमठा

फार फार वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पोटात उंबरीपाडा नावाचा एक पाडा होता. त्या पाड्यावर दावल्या नावाचा कमठे करणारा राहत होता. तिकडे धनुष्याला कमठा म्हणतात. त्याची बायको सायकी, ती सुपं विणायची. त्यांना एकच लेक, तिचं नाव मोगी. दावल्या बोलायला कमी, सायकी बोलायला जास्त, आणि मोगी दोघांच्या मध्ये बसून हसायची. असं ते तिघांचं घर.

पाड्यासमोर एक खोल दरी होती, आणि दरीवर दगडाचा पूल. तो कोणी बांधलेला नव्हता. असं म्हणतात की डोंगर घडवताना देवाच्या हातून तेवढा एक दगड आडवा राहून गेला, आणि माणसांची सोय झाली. पलीकडच्या काठावर आंबाफळी नावाचा पाडा. सोयरीक इकडची तिकडे व्हायची, गुरं तिकडची इकडे चरायची. दोन्ही पाड्यांना मिळून सुईण एकच होती, म्हातारी गोमाबाई, आणि ती उंबरीपाड्याला राहायची. तिकडे कोणाला कळा लागल्या की पुलावरून माणूस धावत यायचा आणि गोमाबाई पदर खोचून निघायची.

मोगीला आंबाफळीच्या नवसा नावाच्या तरण्याला दिली. लोक म्हणाले, इतक्या जवळ का देता. सायकी म्हणाली, "जवळच बरी. मी इथून हाक मारली की तिनं भाकरी तव्यावर टाकून यावं."

"मग भाकरी करपेल की गं आये," मोगी म्हणाली.

"करपू दे. करपलेली तुझा नवरा खाईल."

वैशाखात लग्न झालं. आणि त्याच साली भादव्यात जमीन हलली. असं म्हणतात की डोंगरानं कूस बदलली. गुरांनी दावी तोडली, चुलीवरची मडकी आपोआप उतरली, आणि माणसं बाहेर येऊन बघतात तो पूल नाही. वरचा ओढा जो पूर्वी वळून जायचा तो आता सरळ दरीत कोसळायला लागला. त्याचा आवाज इतका की या काठावरची हाक त्या काठावर पोचेना. दोनशे पावलांची दरी, पण ती दोनशे गावांएवढी झाली.

वरच्या अंगाला उभे कडे होते, खालच्या अंगाला मोठी नदी. लांबून वळसा घालून जाऊ म्हणून दोन तरणे निघाले, ते परत आले नाहीत. तिसऱ्याला पाड्याच्या नाईकांनी जाऊ दिलं नाही.

मग काय करणार. रोज सकाळी सायकी काठावर जाऊन उभी राहायची. पलीकडे मोगी यायची. एवढीशी दिसायची, ज्वारीच्या दाण्याएवढी. मोगी झुडपावर लाल लुगडं टाकायची, म्हणजे मी बरी आहे. सायकी डोक्यावर सूप धरायची, म्हणजे आम्हीही बरी आहोत. तेवढंच. मग दोघी नुसत्याच उभ्या. ऊन वर आलं की मोगी आधी वळायची, कारण सासरचं काम. तिची पाठ दिसेनाशी झाली की सायकी घरी यायची आणि विणायला बसायची, पण बोटं चालायची नाहीत. दावल्या विचारायचा, "काय रंग होता?" ती म्हणायची, "लाल." तो मान हलवायचा. सहा महिने त्या घरात एवढंच बोलणं झालं असं म्हणतात, आणि बोलणाऱ्या सायकीच्या घरात हे झालं.

मग फाल्गुनात एके दिवशी झुडपावर हिरवं लुगडं आलं.

सायकी घरी धावत आली. दावल्या बांबू तासत होता. "हिरवं," ती म्हणाली, आणि दारातच बसली. लेकीला दिवस गेले होते, आणि तिकडे हिरवं नेसवतात ते सातवा लागल्यावर. पहिलटकरीण, आणि सुईण या काठावर. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते माहेर डोळ्यांसमोर आणि पायाखाली वाट नाही.

दावल्या तीन दिवस काठावर जाऊन दरी बघत बसला. चौथ्या दिवशी तो नाईकांकडे गेला. नाईकांचं नाव खुमान. दावल्या म्हणाला, "तिराला धागा बांधू. धागा पलीकडे गेला की धाग्याला दोरी बांधू, दोरीला सोल बांधू, मनगटाएवढा जाड दोर. सोलावर टोपली चालेल."

खुमान नाईक म्हणाले, "सहा महिने हे का नाही बोललास?"

"सहा महिने तिला लाल होतं," दावल्या म्हणाला.

पण गोष्ट सोपी नव्हती. पलीकडचा काठ भुसभुशीत मातीचा, दरीकडे उतरता. माणूस उभा राहिला की पायाखालची माती निसटायची. नुसता पडलेला तीर वाऱ्यानं धाग्यासकट परत दरीत आला असता. तिथे एकच झाड होतं, जुनं अंजन. त्या अंजनानं मुळांनी काठ धरून ठेवला होता. नवसाला कमरेला दोर बांधून त्या झाडापर्यंत उतरता येत होतं, पण उतरायला वेळ लागणार. तोवर तीर अंजनात घट्ट राहायला हवा. आणि अंजनाचं लाकूड कसं, तर कुऱ्हाडीला धार राहत नाही असं.

म्हणजे तीर पोचून भागणार नव्हतं. तो रुतायला हवा होता.

पाड्यातल्या बायकांनी रानातले रेशमी कोश गोळा केले, उकळले, धागा काढला. दोन महिने त्या धागा वळत होत्या. दरीच्या तिप्पट लांबीचा धागा झाला. इकडे दावल्यानं हातातला कमठा वर करून अंजनाकडे बोट दाखवलं, अशी खूण रोज केली, आणि नवसा खूण समजला. तो झाडाच्या वरच्या अंगाला दोर घेऊन बसायला लागला.

आता कमठा कोणाचा, हे ठरवायचं होतं. उंबरीपाड्याची रीत अशी होती की कमठ्याचा जोर सुपांवर बघायचा. दोन झाडांमध्ये काठी बांधायची, तिच्यावर जुनी सुपं एकामागं एक टांगायची, वीस पावलांवरून तीर सोडायचा आणि किती सुपं फुटली ते मोजायचं. सायकीची सुपं पक्की, शेणानं सारवून वाळवलेली, म्हणून दर वेळी तीच न्यायचे. नंतर ती फुटलेली सुपं सांधून घ्यायला तिच्याच दारात आणून टाकायचे.

तर सुपं टांगली. सगळा पाडा जमला. खालच्या गडावरचा एक शिपाई आला होता, रायाजी. त्याच्याकडे खटक्याचा कमठा होता. लाकडी दांड्यावर कमठा आडवा बसवलेला, दोरी पायाचा जोर लावून ओढायची, खाचेत अडकवायची आणि खटका दाबायचा. तीर आखूड, जाड, वीतभर. रायाजीनं खटका दाबला तसा धाडकन आवाज झाला आणि नऊ सुपं फुटली. पोरं नाचली.

मग नाईकांचा पुतण्या बहादऱ्या पुढं आला. त्यानं मैदानातल्या घोडेवाल्यांकडून शिंगाचा कमठा आणला होता, लहान, वाकडा, ओढला की करकरणारा. त्याच्या तिरानं सात सुपं फोडली.

शेवटी दावल्या उठला. त्याचा कमठा त्याच्या डोक्याच्या वर हातभर जायचा. नुसता बांबू, आणि दोरीसुद्धा बांबूच्याच पट्टीची. तीर लांब, जड, निघायचा तोही सावकाश. निघालेला डोळ्यांना दिसायचा. पाच सुपं फुटली.

बहादऱ्या म्हणाला, "दावल्याकाका, तुमचा तीर वाटेत बसून भाकरी खातो आणि मग पुढं जातो."

"खाऊन जातो म्हणून दमत नाही," सायकी म्हणाली. सगळे हसले. दावल्याही हसला असं म्हणतात.

पण मोजणी ती मोजणी. नाईकांनी पहिला मान रायाजीला दिला. दुसऱ्या सकाळी सगळे काठावर गेले. पलीकडे नवसा तयार होता, आणि त्याच्या मागं लांब मोगी उभी होती, एक हात कमरेवर ठेवून. सायकीनं टोपलीत धागा वेटोळं करून ठेवला, गुंता होऊ नये असा. रायाजीनं नेम धरला, खटका दाबला. तीर सुटला तो सुटताना दिसलाच नाही. पण दरीच्या मध्यावर गेल्यावर दिसायला लागला. धाग्यानं त्याला मागं ओढलं, वाऱ्यानं आडवं ढकललं, आणि तो अंजनाला लागला तो सालीवर टक्कन वाजून पडला. धागा ओढून घेताना खडकांवर घासून अर्धाअधिक तुटला.

मग बहादऱ्या. त्याचा तीर रुतला, बोटभर रुतला. नवसा उतरायला लागला. पण वाऱ्यानं धागा फुगवला, तीर इकडे हलला, तिकडे हलला, आणि नवसा दोन हातांवर असताना निसटला. पुन्हा धागा खडकात अडकला, तुटला. आता राहिला तो एकदाच पुरेल एवढा. नवा वळायला दोन महिने हवेत, आणि मोगीकडे दोन महिने नव्हते. गोमाबाईनं काठावरून डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "पोट खाली उतरलंय. पंधरा दिवस, फार तर वीस."

रायाजी म्हणाला, "मीच पुन्हा मारतो. माझी नऊ सुपं आहेत." बहादऱ्या म्हणाला, "बोटभर तरी माझाच रुतला." दोघांची जुंपली. नाईकांना कोणाला गप्प करावं ते सुचेना म्हणून ते दोघांवर ओरडत होते.

तेव्हा सायकी घरी गेली आणि फुटलेली सुपं घेऊन आली. तिनं ती सगळ्यांसमोर मांडली.

"तुम्ही किती फुटली ते मोजता," ती म्हणाली. "भोकं मी सांधते. तीस वर्षं सांधतेय. हे बघा रायाजीदादांचं. नऊ फुटली खरी, पण प्रत्येकाच्या चिंधड्या. तिराचा जोर फोडण्यात गेला. हे बहादऱ्याचं. एका अंगानं फाटलंय, म्हणजे तीर डुलत आला. आणि हे यांचं. बोट घालून बघा. तिराएवढंच भोक, आजूबाजूची एक काडी मोडलेली नाही. पाचव्यातसुद्धा पहिल्यासारखंच भोक. हा तीर थांबला तो दमून थांबला नाही. जड म्हणून खाली झुकला आणि सुपांखालच्या मातीत गेला."

नाईकांनी सुपात बोट घातलं. रायाजीनंही घातलं.

"आणि दरी काय वीस पावलांची आहे?" सायकी म्हणाली. "दरीएवढ्या लांब सुपं टांगा. तिराला धागा बांधा, हवं तर सुताचा बांधा. मग मोजा."

हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बापजाद्यांपासून वीस पावलं, म्हणून वीस पावलं. नाईक म्हणाले, "टांगा."

गायरानात दोनशे पावलं मोजून सुपं टांगली. रायाजीच्या तिरानं नऊची एक केली. बहादऱ्याच्या तिरानं सातची दोन केली. दावल्याचा तीर निघाला, सगळ्यांना दिसत दिसत गेला, आणि त्यानं पाच सुपं फोडली. वीस पावलांवर पाच, दोनशे पावलांवर पाच. रायाजी एवढंच म्हणाला, "माझ्या कमठ्याला घाई फार."

पण लांबवर मारताना दावल्यानं कमठा पूर्ण ओढला होता, आणि त्याच्या खांद्यात काहीतरी तुटलं. हात वर होईना. गोमाबाईनं शेकलं, पाला बांधला, काही उपयोग नाही. त्याचा कमठा बहादऱ्यानं ओढून पाहिला, रायाजीनं पाहिला, पाड्यातल्या सगळ्या तरण्यांनी पाहिला. कोणालाही तो अर्ध्याच्या पुढं ओढता येईना. तो कमठा दावल्यानं स्वतःच्या हातासाठी केला होता आणि तीस वर्षं दुसऱ्या कोणाचा हात त्याला माहीत नव्हता.

आठ दिवस गेले. पलीकडे हिरवं लुगडं रोज येत होतं, पण मोगी आता उभी राहत नव्हती. काठाच्या मागं दगडावर बसून असायची. सायकी तिच्याकडे बघायची आणि दावल्या आपल्या हाताकडे.

नवव्या सकाळी दावल्या म्हणाला, "चल."

तो काठावर जाऊन जमिनीवर बसला. कमठा आडवा धरून त्यानं दोन्ही तळपाय बांबूला लावले आणि पाठीवर मागं कलला. सायकीला म्हणाला, "माझ्या मागं बस. दोरी धर. मी पायांनी ढकलतो, तू ओढ. नेम मी धरतो."

"मला जमेल का?"

"तू रोज एवढ्या लांबून तिला ओढतेसच."

असं तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. सायकी त्याच्या मागं बसली, त्याचं डोकं तिच्या छातीला लागलं, तिनं दोन्ही हातांनी दोरी धरली. त्यानं पाय ताठ केले, तिनं ओढलं. बांबू वाकला, इतका वाकला की बघणाऱ्यांनी तोंडं फिरवली. तिच्या बोटांतून रक्त आलं. तीस वर्षं बांबूच्या कामट्या सोललेली बोटं ती, सुटली नाहीत. दावल्या म्हणाला, "सोड."

तीर निघाला. असं म्हणतात की तो इतक्या सावकाश गेला की बघणाऱ्या बायांचे पसाभर तांदूळ पाखडून झाले असते. असंही म्हणतात की तो दरीवर असेतो कोसळणारा ओढा थांबला. पाणी कड्यावर तसंच टांगून राहिलं, काचेसारखं, आणि दरीत कधी नव्हती अशी शांतता झाली. आणि त्या शांततेत आठ महिन्यांनी पहिल्यांदा पलीकडून आवाज आला, "आये." मोठ्यानं मारलेली हाक नव्हती ती. मोगी स्वतःशीच म्हणाली होती. ती सायकीला ऐकू आली, दावल्याला आली, काठावरच्या सगळ्यांना आली.

मग तीर अंजनात गेला, पिसांपर्यंत गेला, आणि पाणी पुन्हा कोसळायला लागलं.

वाऱ्यानं धागा फुगवला, ताणला, सोडला. तीर हलला नाही. नवसा सावकाश उतरला, धागा सोडवला, ओढला. धाग्यामागून दोरी गेली, दोरीमागून सोल. दुसऱ्या दिवशीपर्यंत सोल दोन्हीकडे बांधून झाला. सायकीनं दाट विणीची खोल टोपली केली. आधी टोपलीत दगड भरून पाठवू, सोल धरतो का ते बघू, मग गोमाबाईला तिकडे पाठवू, असं ठरलं. गोमाबाई पदर खोचून तयार होती आणि अख्खा वेळ डोळे मिटून देवाचं नाव घेत होती.

दगडांची टोपली पलीकडे पोचली. तिकडून दोरीला झटका आला, म्हणजे आता ओढून घ्या. इकडच्यांनी ओढली. मधे आल्यावर बहादऱ्या म्हणाला, "दगडांना हिरवं काय दिसतंय?"

मोगी कोणाला विचारायला थांबलीच नव्हती. दगड बाहेर टाकून ती आत बसली होती.

दोरीला लावता येतील तितके हात लागले. टोपली काठाला लागली तशी सायकीनं लेकीला दोन्ही हातांनी उचलून बाहेर घेतली आणि तिला रागं भरायला लागली, "अशी येतात का गं? सोल तुटला असता तर?" एकीकडे बोलत होती आणि एकीकडे तिचं तोंड, केस, पाय चाचपून बघत होती. मोगी म्हणाली, "भाकरी तव्यावर टाकून आलेय."

तिसऱ्या दिवशी गोमाबाईच्या हातांवर मोगीला मुलगी झाली. दावल्याचा हात वर होत नव्हता, म्हणून नात त्याच्या मांडीवर ठेवली. त्या दिवसानंतर त्याला कमठा कधीच ओढता आला नाही, आणि त्याची खंत त्यानं कधी केली नाही. सव्वा महिन्यानं मोगी बाळाला घेऊन त्याच टोपलीतून सासरी गेली. सायकी काठावर उभी राहिली, पूर्वीसारखीच. लेक लांब जाताना डोळ्यांत यायचं ते येतंच, सोल असला तरी. पण आता तिला माहीत होतं की दिवाळीला टोपली परत येईल, आणि ती आली.

आजही उंबरीपाड्याला सुपं दोनशे पावलांवरच टांगतात. वीस पावलांवर मारणाऱ्याला कोणी मोजत नाही. आणि सुपं किती फुटली ते पुरुष सांगत नाहीत. पाड्यातली सगळ्यांत म्हातारी बाई उठते, प्रत्येक भोकात बोट फिरवते आणि मग कमठ्याला चांगला म्हणते किंवा गप्प राहते. तिला त्या दिवशी सगळे सायकी म्हणतात, नाव काहीही असो. अंजनातला तो तीर कोणी काढला नाही. झाड वाढलं आणि त्यानं तीर पोटात घेतला असं म्हणतात. ज्या घरात लेकीला दिवस जातात त्या घरचा बाप दरीच्या काठावर जातो आणि त्या झाडाला हात जोडतो.

सायकी आणि दावल्या पुष्कळ जगले. मोगीला त्या पहिलीनंतर आणखी चार झाली, सगळी याच काठावर, गोमाबाईच्या आणि मग तिच्या सुनेच्या हातांवर. नातवंडं टोपलीत बसून इकडून तिकडे जायची आणि दरीला घाबरायचं असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्या घरातल्या लेकींच्या लेकींना दूर दूर दिलं, नदीपलीकडे दिलं, मैदानात दिलं, पण बाळंतपणाला वाट अडली असं एकीच्याही बाबतीत झालं नाही. जशी त्यांची लेक त्यांच्या दारी आली, तशी ज्याची त्याच्या दारी येवो.